आरोंद्याच्या काकीचा प्रिंटर: घरासाठी इंकजेट निवडताना

(पॉडकास्टच्या या भागाचं लिखित रूप. बोलताना दोनदा-तीनदा आलेली वाक्यं काढली आहेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा विषय ऐकून काहीजण लगेच पुढचा भाग लावतील. प्रिंटर. हो, तोच कोपऱ्यातला, नेमका परीक्षेच्या आदल्या रात्री रुसून बसणारा. पण थांबा जरा. या प्रिंटरपायी आमच्या काकीच्या बचत गटाचा एक अख्खा माल परत आला होता. तिथूनच सुरुवात करतो.

काकी राहते आरोंद्याला. सावंतवाडी तालुका, सिंधुदुर्ग. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, तेरेखोल खाडीच्या काठावरचं हे गाव. पूल ओलांडला की पलीकडे किरणपाणी, म्हणजे गोवा. काकी आणि तिच्या गटातल्या बायका उन्हाळ्यात कोकमाचं सरबत आणि आगळ करतात. बाटल्या भरतात, लेबल लावतात, गावातल्या आणि पुलापलीकडच्या दुकानांत देतात.

लॉकडाउनच्या काळात मी तिथेच अडकलो होतो. चुलत बहीण शाळेत होती, तिच्या वर्कशीट छापायच्या असायच्या. मी ऑनलाइन बघितलं, सगळ्यात स्वस्त जो दिसला तो इंकजेट मागवला. तीन-साडेतीन हजारांचा. मी काय खूश! वर काकीला म्हटलं, "आता तुझी लेबलं पण घरीच छापायची." छान रंगीत लेबल केलं. लाल कोकम, हिरवं पान, गटाचं नाव, खाली तारीख, किंमत आणि तो अन्न परवान्याचा १४ आकडी नंबर.

बाटल्या गेल्या पलीकडच्या एका दुकानात. त्याने ठेवल्या फ्रिजमध्ये, सरबत आहे म्हटल्यावर तो तरी कुठे ठेवणार? फ्रिजमधून बाटली बाहेर काढली की तिला घाम सुटतो. दोन दिवसांत लाल रंग ओघळून खाली, तारीख पुसट, नंबर तर वाचताच येईना. दुकानदाराने सगळ्या बाटल्या परत पाठवल्या. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. तारीख दिसत नसलेला खाण्याचा माल तो विकणार कसा?

काकीने बाटली माझ्यासमोर धरली आणि एवढंच म्हणाली, "अरे बाबू, तारीख खंय गेली रे?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण प्रिंटर घेताना मी एकच गोष्ट बघितली होती, किंमत. कोणती शाई, किती पानं, घर कुठल्या हवेत आहे, काही विचारलं नव्हतं. नंतर शिकलो. ते शिकलेलं आज तुम्हाला सांगतो, म्हणजे तुमच्या काकीला हा प्रश्न विचारावा लागणार नाही.

घ्यायचाच कशाला?

पहिला प्रश्न हाच. खरंच लागतो का?

एक साधं काम करा. मागच्या तीन महिन्यांत तुम्ही किती पानं छापून आणलीत ते आठवा. व्हॉट्सअ‍ॅप उघडा, झेरॉक्सवाल्याला पाठवलेल्या फाइल मोजा. त्याला तीनने भागा. हा तुमचा महिन्याचा आकडा. तो कागदावर लिहून ठेवा, पुढे सारखा लागणार आहे.

समजा महिन्याला १० पानं, आणि दुकानात पानाला १० रुपये. महिन्याचे १००, वर्षाचे १,२००. बारा हजारांचा प्रिंटर घेतलात तर नुसती त्याची किंमत वसूल व्हायला दहा वर्षं! तेवढा तो जगला तर. अशा घराने प्रिंटर घेऊ नये, सरळ सांगतो. पेन ड्राइव्ह घ्या आणि झेरॉक्सवाल्या दादाशी मैत्री करा.

आता हाच आकडा महिन्याला १०० झाला, तर वर्षभरात पैसे वसूल. शिवाय गावात असाल तर एक वेगळा खर्च असतो, तो कुणी मोजत नाही. गावातलं दुकान बंद असलं किंवा तिथे लाइट नसली की शिरोडा नाहीतर सावंतवाडी. एसटी पकडा, जा, परत या. एका हॉलतिकिटासाठी अर्धा दिवस. महाभूमीच्या साइटवरून डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत फोनवर मिळतो, पण तो कागदावर आणायला एसटीचं तिकीट काढावं लागलं तर काय उपयोग? हा खर्चही हिशोबात धरा.

आत नेमकं चालतं काय

आता दोन मिनिटं यंत्राच्या पोटात जाऊया. हे समजलं की पुढचं सगळं आपोआप समजतं.

इंकजेट म्हणजे शाईचे थेंब कागदावर मारणारं यंत्र. त्याच्या डोक्यात, म्हणजे प्रिंट हेडमध्ये, शेकडो बारीक भोकं असतात. त्यांना नोझल म्हणतात. एकेक भोक आपल्या केसापेक्षा बारीक. त्यातून निघणारा थेंब पिकोलिटरमध्ये मोजतात. एक पिकोलिटर म्हणजे लिटरचा एक लाख कोटीवा भाग. असे थेंब सेकंदाला हजारोंनी पडतात.

हे थेंब बाहेर ढकलायच्या दोन पद्धती. पहिली उष्णतेची. नोझलमागे एक छोटासा हीटर असतो, तो क्षणात तापतो, शाईत बुडबुडा तयार होतो आणि तो बुडबुडा थेंबाला बाहेर ढकलतो. याचा किस्सा भारी आहे. १९७७ मध्ये जपानमध्ये कॅननच्या प्रयोगशाळेत एका संशोधकाची तापलेली सोल्डरिंग गन चुकून शाई भरलेल्या इंजेक्शनच्या सुईला लागली आणि सुईतून शाई उडाली. त्यावरून ही कल्पना सुचली. तिकडे अमेरिकेत एचपीचे लोक स्वतंत्रपणे त्याच वाटेवर होते, त्यांचा थिंकजेट १९८४ मध्ये बाजारात आला. दुसरी पद्धत एप्सनची, पिझो. त्यात उष्णता नाही. एक स्फटिक असतो, त्याला वीज दिली की तो वाकतो आणि पिचकारीसारखा थेंब बाहेर टाकतो.

घरच्या वापराला दोन्ही चांगल्या. त्यावरून भांडू नका. लक्षात ठेवायची गोष्ट वेगळीच आहे. या शाईत बहुतेक भाग पाणी असतं. आणि पाणी सुकतं. केसापेक्षा बारीक भोकात शाई सुकली की ते भोक बंद. मग पानावर पांढऱ्या रेघा, हॉलतिकिटावरचा क्यूआर कोड स्कॅन होत नाही, फोटोतला माणूस हिरवा दिसतो.

म्हणजे इंकजेट जास्त वापरल्याने जितका बिघडतो, त्यापेक्षा जास्त न वापरल्याने बिघडतो. काकीला हे मी अर्धा तास समजावत होतो. ती मध्येच म्हणाली, "पंप कसो, रोज चालवूक नाय तर धरून बसता, तसोच ह्यो." झालं! माझं अर्ध्या तासाचं भाषण तिने एका वाक्यात संपवलं.

कार्ट्रिज की टाकी?

दुकानात गेलात की दोन प्रकार दिसतील. एक कार्ट्रिजवाले, साधारण तीन ते पाच हजारांचे. दुसरे टाकीवाले, इंक टँक, साधारण दहा ते पंधरा हजारांचे. एप्सन, कॅनन, एचपी, ब्रदर, चौघांचेही टाकीवाले मिळतात.

स्वस्त प्रिंटरचं गणित असं की यंत्र स्वस्त द्यायचं आणि शाईवर कमवायचं. छोट्या काळ्या कार्ट्रिजमधून साधारण १२० ते २०० पानं निघतात. टाकीवाल्याच्या काळ्या बाटलीतून चार हजारांच्या वर. आता मोबाइलचा कॅल्क्युलेटर काढा. समजा कार्ट्रिज ८०० रुपयांचं आणि पानं १६०. एका पानाला ५ रुपये. समजा बाटली ४०० रुपयांची आणि पानं ४,०००. एका पानाला १० पैसे. कागदाचं ५०० पानांचं रिम अडीचशे-तीनशेला धरलं तर कोरं पान पन्नास-साठ पैशांना पडतं. म्हणजे टाकीवाल्यात शाईपेक्षा कागद महाग!

मग सगळ्यांनी टाकीवालाच घ्यावा का? नाही. दोन्ही प्रिंटरच्या किमतीत समजा ८,००० रुपयांचा फरक आहे. दर पानामागे तुम्ही वाचवता ४ रुपये ९० पैसे. म्हणजे साधारण १,६३० पानं छापल्यावर तो फरक भरून निघतो. महिन्याला १०० पानं असतील तर सव्वा-दीड वर्षात. ५० असतील तर पावणेतीन वर्षांत. १० असतील तर तेरा वर्षांच्या वर. तो कागदावर लिहिलेला आकडा आठवला? इथे लावा.

आणखी एक फरक. बऱ्याच कार्ट्रिजवाल्या प्रिंटरमध्ये प्रिंट हेड कार्ट्रिजलाच जोडलेलं असतं. भोकं बुजली, कार्ट्रिज बदललं, डोकं नवीन. टाकीवाल्यात डोकं यंत्रातच बसवलेलं असतं. ते कायमचं बुजलं तर दुरुस्तीचा खर्च ऐकून घाम फुटतो. म्हणून टाकीवाला घेणाऱ्याने तो चालू ठेवलाच पाहिजे.

आणि कंपनी जो पानांचा आकडा सांगते ना, तो ठरावीक नमुना पानांवर मोजलेला असतो. त्या पानांवर थोडाच मजकूर असतो, बाकी जागा मोकळी. तुम्ही पानभर लाल कोकम छापायला लागलात तर तो आकडा विसरा. नवीन टाकीवाल्यात पहिल्यांदा शाई भरली की थोडी शाई आतल्या नळ्या भरण्यातच जाते. ती गळती नाही, घाबरू नका.

शाई कोणती, हे बाटलीवर वाचा

आता काकीच्या लेबलाकडे येऊ. चूक नेमकी कुठे झाली?

शाई दोन प्रकारची. डाय आणि पिगमेंट. डाय म्हणजे पाण्यात पूर्ण विरघळलेला रंग, आपण सरबतात साखर विरघळवतो तसा. कागदात मुरतो, फोटोत खुलून दिसतो, पण पाणी लागलं की परत विरघळतो आणि पळतो. पिगमेंट म्हणजे रंगाचे बारीक कण, पाण्यात तरंगणारे. ते कागदावर बसतात, पाणी उडून जातं. वाळल्यावर पाण्याचा थेंब पडला तरी अक्षर बऱ्यापैकी टिकतं. अगदी धुतलं तरी काही होणार नाही असं नाही, पण फ्रिजच्या घामाला पुरून उरतं.

घरच्या बऱ्याच टाकीवाल्या प्रिंटरमध्ये काळी शाई पिगमेंट आणि रंगीत तीन डाय अशी जोडी असते. काही स्वस्त मॉडेलमध्ये काळीसुद्धा डाय असते. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्येही फरक असतो. त्यामुळे कंपनीचं नाव विचारून उपयोग नाही. मॉडेलच्या माहितीत किंवा शाईच्या बाटलीवर काय लिहिलंय ते बघा. माझ्या त्या स्वस्त प्रिंटरच्या रंगांवर पाणी पडलं की काय होतं, हे मी घरी एक थेंब टाकून बघितलं असतं तरी बाटल्या वाचल्या असत्या. तुम्ही ही परीक्षा दुकानातच करा. नमुना पान छापून घ्या, पाच मिनिटं वाळू द्या, ओलं बोट फिरवा. दुकानदार हसेल. हसू दे.

मग आम्ही काय केलं? दुसऱ्या वेळी काळी पिगमेंट शाई असलेला टाकीवाला घेतला आणि लेबलाचे दोन तुकडे केले. पुढचं रंगीत लेबल, कोकम-बिकम सगळं, छापखान्यातून एकदम ५०० करून आणलं. मागचं छोटं लेबल घरी, फक्त काळ्या शाईत, साध्या न चमकणाऱ्या स्टिकरच्या कागदावर. त्यात तारीख, वजन, किंमत, घटक आणि तो नंबर. तारीख दर खेपेला बदलते, ती घरी बदलायची. चित्र बदलत नाही, ते बाहेर. चमकणाऱ्या प्लॅस्टिकसारख्या स्टिकरवर मात्र घरची शाई नीट बसत नाही, बोटाला येते. आधी एक पान आणून बघा, मग गठ्ठा घ्या.

आणि ज्यांना घरी फोटोच छापायचे आहेत, त्यांनी उलटं करा. त्यांना डाय चालेल, फोटोचा वेगळा कागद लागेल, आणि प्रिंटर बिनकडेचा फोटो छापतो का ते विचारायचं.

पाऊस, वीज आणि पाल

सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जूनपासून घरातली पापडाची पिशवी दोन मिनिटं उघडी ठेवून बघा काय होतं. कागदाचंही तेच. ओलावा धरला की कागद वाकतो, दोन-दोन पानं एकदम आत जातात, अडकतात आणि अक्षरं फुटल्यासारखी दिसतात. लोक म्हणतात प्रिंटर बिघडला. प्रिंटर नाही, कागद बिघडलाय! रिम उघडलं की लागतील तेवढी पंचवीस-तीस पानं ट्रेमध्ये ठेवा, बाकीची प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून घट्ट झाकणाच्या डब्यात. काकीने पोह्यांचा डबा दिलाय त्यासाठी. पोहे आता दुसरीकडे.

मग वीज. कोकणात मे महिन्यात आणि परतीच्या पावसात गडगडाट सुरू झाला की आपण काय करतो? धावत जाऊन भिंतीवरची सगळी बटणं बंद. टीव्हीला ठीक आहे. प्रिंटरला नाही. प्रिंटर स्वतःच्या बटणाने बंद केलात की तो डोकं कोपऱ्यात नेतो आणि त्यावर रबराची टोपी बसवतो, म्हणजे शाई सुकत नाही. मध्येच भिंतीवरून बंद केलात तर डोकं उघडंच राहतं. म्हणून आधी प्रिंटरचं बटण, तो शांत झाला की मग भिंतीवरचं, मग प्लग काढा. आमच्याकडे प्रिंटरवर कागद चिकटवलाय, "आधी माका बंद कर".

विजेबाबत एक चांगली बातमी पण आहे. इंकजेट छापताना साधारण १०-२० वॉट घेतो, एका बल्बएवढे. घरच्या इन्व्हर्टरवर आरामात चालतो. लेझर प्रिंटरला टोनर वितळवायला उष्णता लागते, तो छापताना काही शे वॉट खातो. लाइट सारखी जाते तिथे हा मोठा फरक आहे.

आणि पाल, मुंग्या, झुरळं. प्रिंटर म्हणजे त्यांच्यासाठी उबदार, अंधारं घर. वापरून झालं की कागदाचा ट्रे बंद आणि वरून सुती कापड. आणखी एक, टाकीवाला प्रिंटर शाई भरल्यावर तिरका करू नका. दुकानात शाई भरून घ्यायची आणि मग स्कूटरच्या मागे आडवा बांधून आणायचा, असं कराल तर घरी येईपर्यंत खोक्यात होळी झालेली असेल. शाई घरी आणून भरा.

फोनवरून छापायचंय ना?

तुम्ही सगळे फोनवाले. लॅपटॉप घरात असेलच असं नाही. म्हणून वाय-फाय असलेलंच मॉडेल घ्या. काही स्वस्त मॉडेलमध्ये फक्त यूएसबी असतं, तिथे हजार-दीड हजार वाचवायला जाऊ नका.

घरात राउटर नसला तरी चालतं. वाय-फाय डायरेक्ट नावाची सोय असते, त्यात फोन थेट प्रिंटरला जोडला जातो, इंटरनेट लागत नाही. खाडीकाठी नेटवर्क गेलं असतानाही फाइल फोनमध्ये असली की पान निघतं. राउटर असेल तर एक लक्षात ठेवा, बरेच घरगुती प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायला जोडतात. राउटरचं ५ गिगाहर्ट्झवालं नाव प्रिंटरला दिसतच नाही आणि आपण तासभर डोकं फोडत बसतो. अँड्रॉइडमध्ये प्रिंटिंगची सोय सेटिंगमध्येच असते, आयफोनवाल्यांनी एअरप्रिंट आहे का ते बघायचं.

मराठी छापताना फाइल आधी पीडीएफ करा. नाहीतर कधीकधी जोडाक्षरं सुटी पडतात आणि वेलांट्या भलतीकडे जातात. तसं देवनागरी छापणं हे आपल्या भागात जुनंच दुखणं आहे. भारतातला पहिला छापखाना १५५६ मध्ये आला तो इथेच खाडीपलीकडे, गोव्यात. पण १६१६ मध्ये राशोलला फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण छापलं, ते मराठी असूनही रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे नव्हते. चारशे वर्षांनी आपली काकी आरोंद्यात बसून स्वतःच्या अक्षरात लेबल छापते. तेव्हा एक पीडीएफ करायचा कंटाळा करू नका.

दुकानात विचारायचे प्रश्न

स्क्रीनशॉट काढणाऱ्यांसाठी थोडक्यात.

एक, काळी शाई पिगमेंट की डाय? दोन, बाटली किंवा कार्ट्रिज केवढ्याला आणि किती पानं? भागाकार तिथेच करा. तीन, प्रिंटर घ्यायच्या आधी त्याची शाई सावंतवाडीत किंवा म्हापशात, म्हणजे तुम्ही जाल त्या बाजारात, मिळते का? चार, रंगीत शाई संपली तरी काळं छापतो का? काही मॉडेल एक रंग संपला की हटून बसतात.

पाच, वॉरंटी. बऱ्याच वेळा ती "इतकी वर्षं किंवा इतकी पानं, जे आधी संपेल ते" अशी असते. प्रिंट हेड त्यात येतं का? आणि माणूस घरी येणार असेल तर तुमच्या पिनकोडला येतो का? जाहिरातीत "घरपोच सेवा" असते, पण ते घर शहरातलं असू शकतं.

सहा, वाया गेलेल्या शाईचं काय? प्रिंटर डोकं साफ करताना थोडी शाई आत एका स्पंजवर सोडतो. तो भरला, निदान यंत्राच्या मोजणीत भरला, की प्रिंटर थांबतो. काही मॉडेलमध्ये ती पेटी आपण स्वतः बदलू शकतो, काहींत सर्व्हिस सेंटर गाठावं लागतं. गावातल्या माणसाला पहिला प्रकार सोयीचा.

आणि घरी आणल्यावर एक नियम. आठवड्यातून एकदा एक रंगीत पान. काहीही छापा, मुलांचं चित्र, देवाची आरती. रेघा आल्या तर आधी नोझल चेक, मग एकदा क्लीनिंग. लगेच आली नाही म्हणून पाठोपाठ सात-आठ वेळा क्लीनिंग करू नका, त्यात शाई संपते आणि तो स्पंज भरतो. दोनदा करून बघा, रात्रभर थांबा, सकाळी परत एकदा.

आत्येचा फोन

शेवटचं सांगतो आणि थांबतो. मागच्या गणपतीनंतर लालबागहून आत्येचा फोन आला. "काकीकडचा प्रिंटर बघितला हो, छान आहे. आमच्या गावच्या घरातही तसाच घेऊया म्हणते." आता आत्येचं गावचं घर म्हणजे गणपतीत दहा दिवस आणि मे महिन्यात तीन आठवडे उघडं. बाकी वर्षभर कुलूप.

आत्येला मी तेच सांगितलं जे तुम्हाला सांगतोय. कुलूपबंद घरात इंकजेट ठेवू नका. तुम्ही पुढच्या गणपतीला याल तेव्हा शाई सुकून दगड झालेली असेल. अगदीच हवा असेल तर काळा-पांढरा लेझर बघा, त्यातली टोनर म्हणजे कोरडी पूड, सुकायला त्यात काही नाही. आणि खरं सांगायचं तर तोही नको. दहा दिवसांत जी चार पानं लागतील ती काकीकडे पाठवा. तिचा प्रिंटर चालू राहील, तुमचे बारा हजार वाचतील.

आत्ये थोडी नाराज झाली. पण यंदा तिकिटांची पानं तिने काकीलाच पाठवली.

काकीचा प्रिंटर आता तिसऱ्या पावसाळ्यात आहे. वाडीतल्या पोरांची हॉलतिकिटं, कुणाचा सातबारा, कुणाचं आधार तिथेच छापतात. पानाला पाच रुपये डब्यात टाकायचे, त्यातून कागद येतो. आणि पुलापलीकडच्या त्या दुकानात कोकम परत जायला लागलंय. पहिल्या खेपेला त्याने बाटली फ्रिजमध्ये ठेवली, दुसऱ्या दिवशी काढली, अंगठ्याने तारीख घासून बघितली. तारीख होती तिथेच होती. त्याने पुढची ऑर्डर दिली.

तर मंडळी, तुमचा तो महिन्याचा आकडा किती आला ते मला नक्की कळवा. घरात आधीच प्रिंटर असेल आणि महिनाभर हात लावला नसेल, तर हा भाग संपल्यावर उठा आणि एक रंगीत पान छापा. आत्ताच. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.